थुंकीतील कृमींच्या अळ्या कशा ओळखाव्यात

थुंकीत किंवा श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवात सापडणारी अळी बहुधा स्ट्राँगिलॉइडिस स्टर्कोरॅलिस या आतड्यात राहणाऱ्या बारीक गोलकृमीची असते; मात्र अंकुशकृमी आणि ॲस्कॅरिस (मोठा गोलकृमी, जंत) यांच्या अळ्याही फुप्फुसांतूनच पुढे जातात, त्यामुळे अन्ननलिका आणि शेपटी पाहिल्याशिवाय नाव लिहू नये.

नमुना ताजा असतानाच तपासावा, कारण जिवंत अळीची वळवळ कमी भिंगातही चटकन नजरेत भरते. संसर्गक्षम अळी अखंड त्वचेतून शिरू शकते आणि थुंकीत क्षयाचे जंतूही असू शकतात, म्हणून हातमोजे घालून बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर पसरू न देणाऱ्या, गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कपाटात) स्लाइड तयार करावी. थुंकीचा चिकट किंवा रक्तमिश्रित भाग, अथवा द्रव सेंट्रिफ्यूज केल्यावर (यंत्रात वेगाने फिरवल्यावर) तळाशी बसलेला साका, सलाइनच्या थेंबात मिसळून त्यावर कव्हरस्लिप ठेवावी. प्रकाश कमी करून १० च्या भिंगाने संपूर्ण स्लाइड पाहावी आणि संशय आला की ४० च्या भिंगाकडे वळावे. हालचाल नोंदवून झाल्यावर कडेने आयोडीन सोडले, तर अळी स्थिर होते आणि आतील रचना स्पष्ट दिसते.

स्ट्राँगिलॉइडिसची फिलारिफॉर्म (संसर्गक्षम अवस्थेतील) अळी सडपातळ, सुमारे ५०० ते ६०० मायक्रोमीटर लांब असते. तिची अन्ननलिका शरीराच्या जवळजवळ निम्म्या लांबीची असते आणि शेपटीच्या टोकाला बारीक खाच असते. अंकुशकृमीच्या त्याच अवस्थेतील अळीची अन्ननलिका साधारण पाव लांबीची आणि शेपटी टोकदार असते. स्ट्राँगिलॉइडिसची ही खाच फसवी आहे: शेपटी किंचित वळलेली असली की ती टोकदारच वाटते, म्हणून फोकस सावकाश वरखाली करून दुसरी, तिसरी अळीही पाहावी. तीव्र संसर्गात स्ट्राँगिलॉइडिसच्या रॅब्डिटिफॉर्म (त्याआधीच्या अवस्थेतील) अळ्याही आढळतात. त्या आखूड असतात, त्यांची मुखपोकळी छोटी आणि जननांगाचा अंकुर ठळक असतो. ॲस्कॅरिसची अळी बरीच मोठी, कधी मिलिमीटरहून लांब असते.

कापसाचा धागा किंवा श्लेष्माचे पीळदार सूत्र अळीसारखे भासते, पण त्यात अन्ननलिका नसते.

स्ट्राँगिलॉइडिसची खात्री पटताच छापील अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दूरध्वनी करावा. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो, आणि रक्तात इओसिनोफिल (कृमीसंसर्गात बहुधा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नसले तरी तो नाकारता येत नाही. शेपटी दिसलीच नाही, तर ‘कृमीची अळी, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून पुन्हा थुंकी आणि सोबत शौचाचा नमुना मागवावा.