लाईट जाते त्या गावात कोंबडीपालन: या चुका टाळा

कोंबड्यांचं शेड बहुधा गावठाणाबाहेर, रानात असतं. तिथे थ्री फेज लाईट बऱ्याचदा येते ती शेतीच्या वेळापत्रकाने, कधी दिवसा तर कधी रात्री. त्यात एप्रिल-मेमध्ये वळीव झाला की खांब पडतात, कोकणात जुलैभर तारांवर फांद्या येतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत इतके खांब झोपवले की काही गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. लाईट कधी जाईल हे पाळणाऱ्याच्या हातात नाही. पण पहिल्या तासाभरात काय करायचं हे ठरलेलं असेल तर पुष्कळ पक्षी वाचतात. तेवढ्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

सगळी भिस्त इन्व्हर्टरवर ठेवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून आधी तिचा हिशेब मांडू. शेडमध्ये विजेची कामं चार: ऊब, हवा, पाणी आणि उजेड. इन्व्हर्टर त्यातलं फक्त उजेडाचं काम नीट करतो. ब्रूडिंगला, म्हणजे लहान पिल्लांना ऊब द्यायला, बल्ब वापरत असाल तर एका पिल्लामागे साधारण 2 वॉट धरतात, म्हणजे 500 पिल्लांना 1000 वॉट. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी 1800 वॉट-तासांची, आणि त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. तासाभरात ती मान टाकते, आणि मग पहाटे तीनला शेडमध्ये ऊबही नसते, उजेडही नसतो. तीच बॅटरी 9 वॉटचे दहा एलईडी रात्रभर चालवते. इन्व्हर्टर उजेडासाठी राखून ठेवा आणि उबेची सोय विजेवाचून करा.

याच्याच जोडीची चूक म्हणजे बिल वाचावं म्हणून ब्रूडरमधले पिवळे बल्ब काढून एलईडी लावणं. एलईडी उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देतच नाही.

पिल्लांची पहिली रात्र गृहीत धरणं

पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली 95 अंश फॅरनहाइट लागतं, पुढे दर आठवड्याला 5 अंश कमी. थंडीच्या दिवसांत लाईट गेली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करतात. खालची गारठ्याने मरत नाहीत, ती वरच्यांच्या वजनाखाली गुदमरतात. म्हणून चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवती लावायचा आडोसा, गोलच हवा. चौकोनी खोलीत पिल्लं मोकळी सोडली तर ढीग नेमका कोपऱ्यात होतो.

विजेवाचून ऊब द्यायला गॅस ब्रूडर किंवा कोळशाची बुखारी. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं असू द्या आणि रेग्युलेटर, नळी आधी एकदा लावून पाहा. बुखारी वापरत असाल तर कोळसा शेडबाहेर पेटवा, धूर पूर्ण गेला आणि निखारे लाल झाले की मगच आत आणा. खाली पत्रा आणि वाळू हवी, नाहीतर तूस पेट घेतं.

आणि इथली खरी घातक चूक: ऊब टिकावी म्हणून चारही बाजूंचे पडदे गच्च बांधणं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पडद्याची वरची फूटभर फट उघडीच राहिली पाहिजे, कितीही गारठा असो. पिल्लांची राखण करणाऱ्या माणसाने बुखारीपाशी बंद शेडमध्ये झोपायचं नाही. यात कुठलीही सवलत नाही.

तापमापक अंधारात दिसत नसेल तर पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर ऊब कमी आहे. मोठ्याने चिवचिवत ब्रूडरखाली दाटी करत असतील तरी तेच. चोची उघड्या टाकून कडेला पळत असतील तर ऊब जास्त झाली.

आणखी एक सवय फार कमी जण लावतात. पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री तासभर तुम्ही स्वतःच दिवे बंद करा, अर्थात ऊब चालू ठेवून. अंधार कधी पाहिलाच नसेल तर लाईट गेल्याक्षणी पूर्ण लॉट बिथरतो आणि एका बाजूला धावतो. अंधार ओळखीचा असला की पक्षी जागच्या जागी बसून राहतात.

उन्हाळ्यात लाईट गेल्यावर धावपळ सुरू करणं

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-45 च्या घरात असतो आणि पंखे आणि पाण्याचे बारीक तुषार सोडणारे फॉगर नेमके दुपारी बंद पडतात. आधी मरतो तो दोन किलोचा, विक्रीला आलेला पक्षी, आणि त्याच्यावर तर सगळा खर्च झालेला असतो.

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी जास्त जाणवते. सकाळी दहाला फीडर भरून ठेवले तर दुपारी दोन-तीनला, बाहेरचं ऊन आणि पोटातली धग एकाच वेळी येते. म्हणून सकाळी दहा-साडेदहाला फीडर वर उचला आणि संध्याकाळी पाचनंतर खाली सोडा. पक्षी रात्री आणि पहाटे खाऊन भरून काढतात. हे लाईट जायची वाट न पाहता पूर्ण उन्हाळाभर करायचं.

छपरावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा, पत्र्याला चुना, बाजूला ओलं गोणपाट, हे सगळं मार्चमध्येच झालं पाहिजे. वीज नसताना पक्ष्यांच्या अंगावर पाणी मारायची वेळ आली तर पाठीवरचा फवारणी पंप चालतो, पण तो नवा आणि फक्त कोंबड्यांसाठी ठेवलेला असावा. कीटकनाशक फवारलेला पंप कितीही धुतला तरी शेडमध्ये आणू नका. फवारणी वारा वाहता असेल तरच करा. अलिबाग-पेणसारख्या दमट भागात हवा पडलेली असताना पाणी मारलं तर ते सुकत नाही, शेडमधला दमटपणा वाढतो आणि पक्षी आणखी धापतात. तिथे पाणी छपरावर मारा, आणि शेडमधून सावकाश फिरत बसलेल्या पक्ष्यांना उठवा. उठला की पोटाखाली साठलेली धग निघून जाते. हाकलू मात्र नका, धावला की तो कोसळलाच.

पाण्याची टाकी आजच्या पुरती ठेवणं

शेवटच्या आठवड्यात हजार ब्रॉयलर पक्ष्यांना रोज साधारण 350 लिटर पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात याच्या दीडपट-दुप्पट. बोअरची मोटर रात्रीच्या लाईटवर चालत असेल तर दोन दिवसांचं पाणी टाकीत असलंच पाहिजे. टाकी सावलीत ठेवा, पाइपवर गोणपाट गुंडाळा. उन्हात तापलेलं पाणी पक्षी पीत नाहीत, मग टाकी भरलेली असूनही ते तहानलेले राहतात. निपल लाइन, म्हणजे पक्षी चोच लावून पाणी पितात त्या निपलांचा पाइप, कोरडी पडली असेल तर पाणी आल्यावर शेवटचं टोक उघडून हवा काढा, नाहीतर टोकाकडच्या निपलमधून थेंबही येत नाही आणि हे दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही.

अंड्यांच्या कोंबड्या आणि थांबलेला टायमर

अंडी देणाऱ्या पक्ष्यांना दिवसाला 16 तास उजेड देतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तेराच्या थोडा वर, बाकीचा दिव्यांनी भरून काढायचा. बॅटरी नसलेला साधा टायमर लाईट गेली की थांबतो. दोन तास लाईट गेली तर घड्याळ दोन तास मागे, आणि आठवडाभरात दिवे भलत्याच वेळी लागू लागतात. अंडी घटली की लोक आधी खाद्य बदलतात, मग औषध देतात, टायमरकडे कोणी बघत नाही. बॅटरी बॅकअपचा टायमर घ्या आणि उजेड संध्याकाळऐवजी पहाटे द्या, त्या वेळी लाईट असते तिथे. नसेल तर हे काम त्या एलईडी-इन्व्हर्टरचं. तास वाढवले तर चालतं, उत्पादन चालू असताना कमी करायचे नाहीत.

लस आणि उबवणी

लासोटा (राणीखेत रोगाची), गंबोरोसारख्या जिवंत लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. फ्रिज रात्रभर बंद राहिला तर लस दिसायला तशीच राहते, पण काम करेलच असं नाही. मग लसीकरण होऊनही रोग येऊ शकतो. लस देण्याच्या दिवशीच पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा दुकानातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणणं उत्तम.

घरगुती इनक्यूबेटरमध्ये लाईट गेली की झाकण उघडून पाहायचा मोह आवरा. बंद ठेवा आणि वरून घोंगडी टाका. मोठ्या मशीनमध्ये शेवटच्या दिवसांतली अंडी असतील तर उलट धोका असतो. ती स्वतःच तापतात आणि पंखा बंद असल्याने धग आत कोंडते, म्हणून दार थोडं उघडावं लागतं. गावरान अंडी थोडीच असतील तर खुडूक कोंबडीखाली दहा-बारा घाला, तिला लाईट लागत नाही.

जनरेटर असूनही नसल्यासारखा

ईसी शेडमध्ये, म्हणजे पंख्यांनी हवा-तापमान राखणाऱ्या बंद शेडमध्ये, पंखे थांबले की भर उन्हात अर्ध्या तासातही मोठा घात होऊ शकतो. तिथे जनरेटर आठवड्यातून एकदा पंख्यांच्या भारासकट चालवून पाहायलाच हवा, नुसता सुरू करून बंद करणं पुरेसं नाही. बॅटरीवर वाजणारा, लाईट गेल्याचा सायरन माणूस झोपतो तिथे लावा. एक फेज गेली की मोटारी जळतात, त्यासाठी अशा वेळी मोटर आपोआप बंद करणारा फेज प्रिव्हेंटर बसवा.

चेंजओव्हर स्विच (लाइन आणि जनरेटर यांतलं एकच जोडणारा) न लावता जनरेटरची वायर थेट बोर्डात खुपसणारे अजून आहेत. ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि त्याच वेळी खांबावर आपलीच लाईट सुरू करायला चढलेला वायरमन तिला हात लावतो. स्विच बसेपर्यंत जनरेटर सुरू करू नका.