अलिबाग एसटी स्टँड ते कुलाबा किल्ला, चालत

स्टँडवर उतरलात की रिक्षावाले 'बीच, बीच' करतात, बसू नका. पंधरा-वीस मिनिटांचा सपाट रस्ता आहे, नाक समुद्राकडे ठेवायचं बस. किनाऱ्याजवळ हिराकोट लागतो, कान्होजी आंग्र्यांनी 1720 च्या सुमारास बांधलेला, आता तिथे जेल आहे त्यामुळे बाहेरूनच बघायचा. जवळच चुंबकीय वेधशाळा, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या (मुंबईतल्या) कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इकडे आली, मला हे फार भारी वाटतं.

पण खरी गंमत पुढे, वाळूतून किल्ल्यापर्यंत. किल्ला समुद्रात आहे, ओहोटीलाच चालत जाता येतं, त्यामुळे तिथे पायांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. कोकणातला जुना हिशोब असा, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे तृतीया असेल तर सव्वादोनला भरती, सकाळी सव्वाआठ-साडेआठला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया बेस्ट, तेव्हा पाणी लांबवर हटतं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास, ऐकायला सोयीची, पण तेव्हा भांगाची भरती म्हणजे पाणी धड हटतच नाही आणि वर ऊन. हा अंदाज झाला हां, तासभर इकडेतिकडे होतो, पक्की वेळ मोबाईलवर बघूनच निघा.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा. ओल्या वाळूच्या वळ्या तळव्यांना टोचतात तरी मस्त वाटतं, मात्र किल्ल्याजवळच्या दगडांवर कालवं (धारदार शिंपले) चिकटलेली असतात, तिथे अनवाणी जाऊ नका, मी चपला हातात मिरवत गेलो आणि अंगठा कापून घेतला. सॅंडल घट्ट बांधलेली हवी, स्लिपर चिखलात रुततात.

आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर (चहूबाजूला खारं पाणी असताना!) आणि तटावर तोफा. तासभर पुरतो. आम्ही देवळाच्या सावलीत जरा जास्तच टेकलो, बाहेर येतो तर मघाच्या वाळूवर पाणी, मग घोडागाडी करावी लागली आणि त्या वेळी भाव करायला आपल्या हातात काही नसतं. पावसाळ्यात चालत जायचा विचारच नको, किनाऱ्यावरून बघा आणि भजी खा.