परदेशात मुलासाठी द्विभाषिक शाळा निवडताय? माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि बूट घालायच्या वेळी जा

मे महिना आला की राजारामपुरीतल्या आमच्या घरी कुणीतरी येतंच. व्हिसा झालेला असतो, ऑगस्टचं विमान ठरलेलं असतं आणि कडेवर किंवा बोटाला धरून तीन-चार वर्षांचं पोर असतं. "ताई, तिकडं शाळा कुठली घ्यायची?" आम्ही सात वर्षं बर्लिनला होतो. दोन्ही मुलांच्या शाळा मीच शोधल्या, नंतर भावाच्या आणि नणंदेच्या मुलांच्याही, आणि कोल्हापुरातून गेलेल्या बऱ्याच घरांना फोनवरून मदत केली. खाली उदाहरणं बर्लिनची आहेत. देश बदलला की नियम बदलतील, पण शाळा पारखायची रीत तीच राहते.

कागदपत्रांचं मी काही सांगत नाही, ते प्रत्येकाला जमतं. मुलाच्या गोवरच्या दोन डोसांची नोंद मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. मार्च २०२० पासून जर्मनीत ती दाखवल्याशिवाय बालवाडीत, म्हणजे तिथल्या किटात, मूल घेत नाहीत.

आधी वर्षं ठरवा, मग शाळा

किती वर्षं राहणार, हे नवरा-बायकोनं समोरासमोर बसून ठरवायचं. "बघू" हे उत्तर चालणार नाही. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी साधारण १९८० च्या सुमारास एक गोष्ट दाखवून दिली. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मूल दोनेक वर्षांत उचलतं, पण त्या भाषेत धडा वाचून समजायला आणि उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून दोन वर्षांसाठी जाणार असाल तर इंग्रजीचा वाटा मोठा असलेली शाळा घ्या, स्थानिक भाषा खेळण्यातून येऊ द्या. चार-पाच वर्षं किंवा जास्त राहणार असाल, तर निम्मा दिवस तरी स्थानिक भाषेत जाईल अशीच शाळा हवी.

कंपनी फी भरते म्हणून आंतरराष्ट्रीय शाळेत घालू नका. तिथे सगळं इंग्रजीतून चालतं आणि स्थानिक भाषा हा एक विषय असतो. मूल खालच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांशी वर्षभर बोलू शकत नाही. आणि कंपनीचा करार संपला की ती फी तुमच्या गळ्यात येते.

'द्विभाषिक' या शब्दावर विसंबू नका

सेमी इंग्रजी आपल्याला चांगलं माहीत आहे. गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी, बाकीचे विषय मराठीतून. आणि कितीतरी वर्गांत बाई ते इंग्रजी पुस्तक मराठीतूनच समजावून सांगतात, हेही आपल्याला माहीत आहे. तिकडेही पाटीवर एक आणि वर्गात दुसरं असू शकतं.

बर्लिनमध्ये १९९२ पासून सरकारी 'युरोपा शाळा' आहेत. जर्मनच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, तुर्की, पोलिश अशी एक भाषा असते. निम्मी मुलं घरी जर्मन बोलणारी आणि निम्मी दुसऱ्या भाषेची असावीत, असा तिथला पायाच आहे. गणित जर्मनमधून शिकवतात आणि परिसर अभ्यासासारखे विषय जोडभाषेतून. लिहा-वाचायला मूल आधी स्वतःच्या भाषेत शिकतं. कुठल्याही खाजगी शाळेला हेच तीन प्रश्न विचारा: कुठला विषय कुठल्या भाषेत, वाचन आधी कुठल्या भाषेत, आणि वर्गातली किती मुलं घरी काय बोलतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं आहे. वीसपैकी अठरा मुलं घरी जर्मन बोलत असतील, तर वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, मैदानावर जर्मनच चालणार.

तारखा

बर्लिनमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी शाळेत जावं लागतं. नावनोंदणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत होते. घरी शिकवायची मुभा जर्मनीत नाही. किटासाठी तर पत्ता मिळाला त्याच आठवड्यात अर्ज करायला लागा.

शाळा बघायला जाणं: इथेच माझी चूक झाली

मोठी साडेतीन वर्षांची होती. आम्ही गेलो त्या किटाच्या दारावर दोन भाषांत स्वागत लिहिलेलं होतं. संचालिका सुंदर इंग्रजी बोलल्या, दोन्ही भाषा समान असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. मुलं घरी गेल्यावर, संध्याकाळी साडेचारला, आम्हाला रिकाम्या खोल्या दाखवल्या. आम्ही सही केली. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मुलगी इंग्रजीतली तीन गाणी म्हणते आणि त्यापलीकडे तिला काहीच येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा, सकाळी मुलं गोल करून बसतात तेव्हा तासभर यायच्या. मला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं नव्हतं आणि जे बघायला हवं होतं ते बघितलं नव्हतं. आधी जर्मन कळत नाही म्हणून रडणारी मुलगी, त्यात आता शाळा बदलायची. ते वर्ष मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, रिकाम्या खोल्या बघू नका. मुलं असताना जा. आणि गाणी-गोष्टींचा तास बघायला जाऊ नका, तो तर पाहुण्यांसाठी नेहमीच चांगला होतो. मुलं बाहेर खेळायला निघतात ती वेळ मागून घ्या. बर्लिनमध्ये पाऊस असो, बर्फ असो, मुलांना बाहेर नेतातच. त्याआधी अर्धा तास बाहेरच्या पॅसेजमध्ये कपडे चढवणं चालतं. प्रत्येकाचं चित्र लावलेलं हुक, त्याखाली गमबूट, वर चिखलात घालायची रबरी पँट. त्या अर्ध्या तासात कुणी काही शिकवत नसतं. घाई असते, कुणी रडत असतं, कुणाचा मोजा सापडत नसतो. अशा वेळी माणूस जी भाषा बोलतो तीच त्या शाळेची खरी भाषा.

दुसऱ्या किटात मी त्या पॅसेजमध्ये उभी होते. एका मुलाच्या जॅकेटची चेन अडकली होती आणि तो जर्मनमध्ये ओरडत होता. इंग्रजीवाल्या बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि इंग्रजीतच बोलत राहिल्या: हनुवटी वर कर, श्वास घे, आता आपण दोघं मिळून ओढू. त्यानं हनुवटी वर केली. उत्तर त्यानं जर्मनमध्येच दिलं, पण त्याला सगळं समजलं होतं, आणि बाईंनी भाषा सोडली नाही. मी तिथेच ठरवलं. पहिल्या ठिकाणी मला हे बघायला मिळालं असतं तर बाईंनी दोन वाक्यांत जर्मनवर उडी मारलेली दिसली असती.

आत थांबू देत नसतील तर सकाळी मुलं सोडायच्या वेळी फाटकाशी दहा मिनिटं उभं राहा. तेही नको म्हणत असतील तर ती शाळा यादीतून काढा. भिंतीवरची चित्रं, लाकडी खेळणी, सेंद्रिय जेवण यावर मी कुठलीच शाळा निवडणार नाही आणि तुम्हीही निवडू नका. इंटरनेटवरचे तारे तर मुळीच बघू नका. तारे देणाऱ्या आईची घरची भाषा कुठली हे तुम्हाला माहीत नसतं.

मग संचालिकेला विचारा: माझ्या मुलाच्या गटात कुठल्या भाषेच्या बाई कोण आहेत, त्या किती वर्षांपासून इथे आहेत, दिवसातले किती तास असतात, आणि आजारी पडल्या किंवा सोडून गेल्या तर त्यांच्या जागी कोण येतं. "आमच्याकडे सगळ्याच बाईंना दोन्ही भाषा येतात" हे उत्तर आलं तर सावध व्हा. सगळ्यांना दोन्ही येत असल्या की सगळेजण सोपी असलेली एकच बोलतात. एक बाई एक भाषा, आणि ती कायम, हीच पद्धत मला लहान मुलांच्या बाबतीत चालताना दिसली.

भाषेची चाचणी आणि घरची मराठी

पहिलीच्या द्विभाषिक वर्गासाठी बऱ्याचदा मुलाची भाषा तपासतात. आपल्या मुलांची अडचण अशी की शाळेच्या दोन भाषांत मराठी नसतेच. मग काही आईबाप चाचणीआधी सहा महिने घरी इंग्रजी सुरू करतात. कृपा करून असं करू नका. इंग्रजी किटातून येते. तुम्ही घरी जी भाषा सोडाल ती शिकवायला त्या शहरात दुसरं कुणी नसतं.

आम्हालाही एका बाईंनी सुचवलं होतं, मुलगी मागे पडतेय, घरी जर्मन बोला. तीन आठवडे आम्ही बोललो, मोडकंतोडकं. रविवारी व्हिडिओ कॉलवर आज्जीनं विचारलं, "जेवलीस का गं बाळा?" आणि मुलगी माझ्याकडे बघायला लागली. त्या रात्री आम्ही घरात परत मराठीवर आलो आणि पुन्हा कधी बदललं नाही. दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, हा गैरसमज आहे.

धाकटा तीन वर्षांचा असताना किटात गेला आणि ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तिथे एक शब्द बोलला नाही. नव्या भाषेत शिरलेली कितीतरी मुलं अशी काही महिने गप्प राहून ऐकत असतात. त्यासाठी शाळा बदलू नका. घरी मराठीत ते नेहमीसारखं बडबडतंय ना, एवढं बघा. घरीही बोलायचं थांबलं, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

परत यायचं असेल तर

२०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे देवनागरी वाचन तिकडेच सुरू करा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आम्ही रोज रात्री जेवणानंतर एक पान वाचायचो, शनिवार-रविवारसुद्धा. दर वर्षीचं प्रगतिपुस्तक त्याच वर्षी इंग्रजीत भाषांतर करून शिक्का मारून ठेवा, निघायच्या आठवड्यात ते होत नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि बर्लिनचं वर्ष बहुतेकदा जुलैपर्यंत चालतं, तेव्हा शेवटचे काही आठवडे सोडावे लागतील, हे तिथल्या शाळेला आधीच लेखी कळवा.

मोठीला इथे पाचवीत घातलं तेव्हा तिला ऱ्हस्व-दीर्घ धड येत नव्हतं आणि जोडाक्षरांशी ती अडखळायची. पण धडा वाचून दाखवायची आणि त्याचा अर्थ सांगायची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती वर्गाबरोबर आली होती.