जॅक स्टँडला रबरी टोपी

जॅकने उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवली की स्टँडच्या लोखंडी डोक्यावर गाडीच्या खालच्या पत्र्याची कड दबून वाकते. तिथला रंग उडाला की बेळगावच्या पावसात गंज धरलाच. माझ्या गाडीची डावी कड अशीच गेली.

भंगारवाल्याकडे साखर कारखान्यातला जुना कन्व्हेअर पट्टा मिळतो. त्याचा एक तुकडा डोक्यावर अखंड ठेवा. त्यावर दोन पट्ट्या मधे फट ठेवून चिकटवा, म्हणजे कड त्या फटीत बसते. फट कडेच्या उंचीपेक्षा खोल हवी; कमी पडली तर पट्ट्यांचा आणखी एक थर द्या.

स्टँड नवे घेताना रॅचेटसोबत (उंची अडकवणारा दातेरी खटका) आडवी पिन असलेली जोडीच घ्या. सर्वांत खालची उंची टेपने मोजा, नाहीतर छोट्या गाडीखाली शिरतच नाहीत. अंगण तांबड्या मातीचं असेल तर स्टँडच्या पायाखाली १८ मिमी प्लायवूड.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, वेल्डिंग करून स्टँडची उंची मात्र वाढवू नका. जांभ्याच्या चिऱ्यावर तर गाडी ठेवूच नका, फुटतो.