डॉकर पाइपलाइन: हंगामाआधी या चुका टाळा

संभाजीनगरात बसून लातूर-नांदेडच्या मोंढ्यासाठी आडतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमची कसोटी सोयाबीनच्या आवकेत लागते. दुकानापुढे कट्ट्यांच्या थप्प्या असतात आणि पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) निघाली नाही की शेतकरी तिथंच ताटकळतो. अशा दिवसांत एखादं डिप्लॉयमेंट, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं, फसलं, तर कारण बहुतेकदा पाइपलाइनमध्येच, म्हणजे कोड तपासून सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या आपोआप टप्प्यांतच, सापडतं. डॉकर ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात बांधतं. हा गठ्ठा म्हणजे इमेज, आणि ती चालू झाली की कंटेनर.

टेस्टला एक बिल्ड, प्रॉडक्शनला दुसरं

ही चूक सगळ्यात महागात पडते. कोड तोच आहे म्हणून प्रॉडक्शनसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरसाठी, इमेज पुन्हा बिल्ड केली (बांधली) जाते. पण मधल्या काळात बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज उभी असते ती) बदललेली असते, एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आलेली असते, आणि तपासलेली वस्तू एक, चढवलेली भलतीच, असं होतं. इमेज एकदाच बिल्ड करा, तिला कमिटच्या हॅशचा (कोडच्या त्या नोंदीच्या खुणेचा) टॅग द्या आणि टेस्टमधून पास झालेली तीच इमेज पुढे न्या. डेटाबेसचा पत्ता वगैरे सेटिंग्ज बाहेरून द्या.

दर वेळी ताज्या इमेजला तोच 'लेटेस्ट' टॅग लावून डिप्लॉय करणाऱ्यांची तक्रार ठरलेली: पाइपलाइन हिरवी, पण सर्व्हरवर जुनंच चालतंय. त्या नावाची इमेज सर्व्हरवर आधीच असेल, तर नुसती 'डॉकर कंपोज अप' ही कंटेनर सुरू करणारी कमांड नवी खेचत नाही. आधी 'पुल' लागतं. शिवाय रात्री मागच्या आवृत्तीवर परतायचं ठरलं, तर मागची नेमकी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

तारीख एक दिवस मागे

कंटेनरची वेळ सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसा चाचणी करताना तारखेत काहीच खटकत नाही. पण भाजीपाल्याचा व्यवहार पहाटेचा. साडेचारला झालेली नोंद आदल्या दिवशी पडते, रोकड जुळत नाही आणि टीम रिपोर्टची क्वेरी उसवत बसते. आधी कंटेनरमध्ये शिरून 'डेट' कमांड चालवा. टीझेड या टाइमझोनच्या व्हेरिएबलमध्ये आशिया/कोलकाता लिहूनही वेळ बदलत नसेल, तर बेस इमेज बघा. आल्पाइन या छोट्या लिनक्स इमेजमध्ये टाइमझोनची माहिती देणारं टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं. माझं मत विचाराल तर डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीच ठेवा आणि व्यवहाराची तारीख काढताना कोडमध्ये भारतीय वेळ स्पष्ट सांगा. सर्व्हरच्या भरवशावर राहू नका.

पासवर्ड इमेजमध्ये

डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एन्व्ह किंवा आर्ग या ओळींतून दिलेला पासवर्ड 'डॉकर हिस्ट्री' कमांडमध्ये दिसू शकतो. पुढच्या ओळीत फाइल डिलीट केली तरी इमेजच्या आधीच्या लेयरमध्ये (थरात) ती शाबूत राहते. डॉकरच्या बिल्डकिटचं सीक्रेट माउंट वापरा, त्यात पासवर्ड बिल्डपुरताच मिळतो, इमेजमध्ये उरत नाही. पासवर्ड फुटलाच असेल, तर पहिल्यांदा तो बदला, इमेजची साफसफाई नंतर.

कंटेनर १३७ देऊन पडतो

१३७ हा बंद पडतानाचा कोड म्हणजे १२८ अधिक ९: प्रोसेस सिगकिलने, म्हणजे जबरदस्तीने बंद करणाऱ्या ९ नंबरच्या सिग्नलने, मारली गेली. नेहमीचं कारण मेमरी संपणं. पण प्रत्येक डिप्लॉयच्या वेळीच हा कोड येत असेल, तर डॉकरफाइलमधली सीएमडीची, म्हणजे ॲप सुरू करणारी, ओळ बघा. ती शेल पद्धतीने (साध्या कमांडसारखी, मध्ये शेल ठेवून) लिहिली असेल, तर बऱ्याचदा थांबण्याचा सिग्नल ॲपपर्यंत पोचतच नाही. डॉकर १० सेकंद वाट बघतं आणि मारून टाकतं. त्या क्षणी एखादी पट्टी अर्धवट सेव्ह होत असू शकते! कमांड चौकटी कंसात, एक्झेक पद्धतीने लिहा.

'एक्झेक फॉरमॅट एरर' आला, की मॅकच्या एआरएम चिपवर बनवलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर गेली असं समजा. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म सांगा. एंट्रीपॉइंटची (कंटेनर सुरू होताना चालणारी) फाइल समोर असूनही 'नो सच फाइल' येत असेल, तर ती विंडोजवर सेव्ह झाली आहे का आणि ओळींच्या शेवटी सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपल्याची खूण) आहे का, ते पाहा. इमेज जिथून उतरवतात त्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून पुलवर मर्यादा घातली आहे, म्हणून पाइपलाइनमध्ये लॉगिन ठेवा.

ज्यांचा सर्व्हर साखर कारखान्यातच, तोही रडतखडत चालणाऱ्या लाइनवर, त्यांनी मल्टीस्टेज बिल्ड कराच, म्हणजे बांधण्यापुरती लागणारी साधनं शेवटच्या इमेजमध्ये येत नाहीत. डिपेंडन्सी (ॲपला लागणाऱ्या लायब्ररी) आधी आणि कोड शेवटी कॉपी केला, तर न बदललेले लेयर पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

आणि इमेज मागे घेतली म्हणून डेटाबेस मागे जात नाही. कॉलम काढायचा असेल, तर आधी तो न वापरणारा कोड चढवा, काही दिवस चालू द्या, आणि कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढा.