दहशतवादाच्या कारणांवर वाद कसा घालावा

7 जुलै 2005 रोजी सकाळी लंडनमधल्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये चार तरुणांनी स्वतःसह बाँब उडवले आणि 52 जणांचे प्राण घेतले. चौघांपैकी तिघांचा जन्म ब्रिटनमधलाच होता. तपास पुरता सुरूही झाला नव्हता, तोच देशात दोन तट पडले. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचे म्हणणे असे की हे एका दुष्ट विचारसरणीचे कृत्य आहे आणि त्याची मुळे इराक युद्धात शोधणे चूक आहे, कारण 11 सप्टेंबर 2001 चा अमेरिकेवरील हल्ला त्या युद्धाच्या आधीच झाला होता. युद्धविरोधकांचे म्हणणे असे की सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवले आणि त्याची किंमत लंडनच्या प्रवाशांनी मोजली. धर्म की परराष्ट्र धोरण, हा वाद पुढे प्रत्येक हल्ल्यानंतर जवळपास त्याच शब्दांत होत राहिला. परिसंवादात बोलणाऱ्याला, त्याचे सूत्रसंचालन करणाऱ्याला किंवा वर्गात हा विषय घेणाऱ्या शिक्षकाला तो नीट चालवायचा असेल, तर लंडनचे उदाहरण हाताशी ठेवणे सोयीचे आहे, कारण त्यावरची कागदपत्रे भरपूर आहेत आणि बरीचशी खुली आहेत.

सर्वांत आधी ‘हल्ला का झाला’ हा प्रश्न फोडून घ्यावा. त्यात किमान पाच निरनिराळे प्रश्न दडलेले असतात: हल्ला याच वेळी का झाला, याच देशावर का झाला, लाखो संतप्त माणसांतून नेमक्या याच माणसाने तो का केला, अनोळखी प्रवाशांना मारणे त्याला योग्य कसे वाटले, आणि हे सगळे त्याला जमले कसे. परराष्ट्र धोरण पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ प्रकाश टाकते, चौथ्यावर जवळजवळ काहीच टाकत नाही. धार्मिक विचारसरणीचे याच्या बरोबर उलट आहे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर या दोन्हींत सापडत नाही. ते प्रशिक्षणात आणि संघटनेत सापडते. लंडनच्या चौघांतला म्होरक्या महंमद सिद्दीक खान आणि त्याचा साथीदार शहजाद तनवीर हे नोव्हेंबर 2004 ते फेब्रुवारी 2005 या काळात पाकिस्तानात होते, ही माहिती बाजूला ठेवून केलेली चर्चा कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी अपुरीच राहते. वाद घालणारे दोघे बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि समोरचा आपले म्हणणे खोडतो आहे अशी दोघांचीही समजूत असते. म्हणून सूत्रसंचालकाने प्रत्येक वक्त्याला, आपण यांतल्या कोणत्या प्रश्नाबद्दल बोलतो आहोत, हे सुरुवातीलाच सांगायला लावावे.

त्यानंतर पुरावा. हल्लेखोराचे स्वतःचे निवेदन उपलब्ध असेल तर ते संपूर्ण वाचावे, वर्तमानपत्राने काढलेल्या दोन ओळींवर विसंबू नये. खानची चित्रफीत 1 सप्टेंबर 2005 रोजी अल जझीरा वाहिनीने दाखवली. लीड्सकडच्या अस्सल यॉर्कशरी उच्चारांत हा माणूस सांगतो की तुम्ही लोकशाहीने निवडून दिलेली सरकारे जगभर माझ्या लोकांवर अत्याचार करत आहेत, म्हणून त्यांची जबाबदारी तुमच्यावर येते. युद्धविरोधकांनी हा भाग उचलला. त्याच चित्रफितीत तो आपल्या धर्माविषयी आणि एका ईश्वराच्या आज्ञापालनाविषयी बोलतो. तो भाग दुसऱ्या बाजूने उचलला. माझ्या मते दोन्ही भाग एकत्र वाचले तरच त्याला काय म्हणायचे होते ते कळते. इराकी माणूस नात्याने, भाषेने किंवा नागरिकत्वाने खानचा कोणीच लागत नव्हता. त्याला ‘आपला’ आणि रोज शेजारी बसून प्रवास करणाऱ्याला ‘परका’ ठरवण्याचे काम धर्माच्या एका विशिष्ट आकलनाने केले होते, आणि त्या आकलनाला राग पुरवण्याचे काम युद्धाने केले होते. ब्रिटनच्या एमआय5 या गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुख एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी 2010 मध्ये इराक चौकशी समितीपुढे दिलेल्या साक्षीचा सूरही असाच आहे: एका पिढीतले काही थोडे तरुण कट्टर बनले, कारण इराक आणि अफगाणिस्तानातला ब्रिटनचा सहभाग त्यांना इस्लामवरचा हल्ला वाटला. या एका वाक्यात धोरणही आहे आणि धर्मही आहे.

निवेदन वाचताना ते कोणासाठी केले आहे, याकडेही लक्ष द्यावे. ओसामा बिन लादेनने फेब्रुवारी 1998 च्या जाहीरनाम्यात अरबस्तानातले अमेरिकी सैन्य, इराकची कोंडी आणि इस्रायलला मिळणारा पाठिंबा अशी राजकीय गाऱ्हाणी मांडली होती, कारण त्याला नाराज अरब जनतेला आपल्यामागे उभे करायचे होते. याउलट ‘इस्लामिक स्टेट’ने 2016 मध्ये आपल्या ‘दाबिक’ या नियतकालिकात स्पष्ट लिहिले की तुमचे परराष्ट्र धोरण दुय्यम आहे, तुम्ही बाँबफेक थांबवलीत तरी आमचा द्वेष संपणार नाही. पहिल्या कागदावरून धोरणवादी जिंकत नाहीत आणि दुसऱ्यावरून धर्मवादीही जिंकत नाहीत. दोन्ही कागद प्रचाराचे आहेत, आणि त्यांतला दावा तारखा, प्रवास, पैसा आणि भरती यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

आता या वादात सर्वांत जास्त कडवटपणा जिथे येतो त्या मुद्द्याकडे वळू. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे, हा आरोप. 22 मे 2017 रोजी मँचेस्टरच्या संगीत कार्यक्रमात 22 जण मारले गेल्यानंतर चारच दिवसांनी विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी परदेशातील युद्धे आणि देशातील दहशतवाद यांचा संबंध अनेक जाणकार दाखवतात असे म्हटले, आणि त्याने हल्लेखोरांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, हेही जोडले. परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी हे वक्तव्य भयंकर असल्याची टीका केली. गंमत अशी की 2005 मध्ये याच जॉन्सन यांनी, इराक युद्धाने हा प्रश्न निर्माण केला नसला तरी अशा लोकांचा रोष त्याने निःसंशय धारदार केला, अशा आशयाचे लिहिले होते. (राजकारण्यांची जुनी वाक्ये शोधून ठेवणे ही या वादातली अत्यंत उपयुक्त सवय आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.) निवडणूक दोन आठवड्यांवर आलेली असताना असे विधान करणे शहाणपणाचे होते का, यावर मतभेद होऊ शकतात, ते खोटे होते का, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे.

मराठी श्रोत्यांसमोर हा फरक समजावून सांगण्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेच्या आत्मघाती हल्लेखोर स्त्रीने राजीव गांधींची हत्या केली. भारताने 1987 मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, तिची लिट्टेशी लढाई झाली, 1990 मध्ये ती परत आली, आणि राजीव गांधी पुन्हा सत्तेवर आले तर ती पुन्हा येईल अशी भीती त्या संघटनेला होती. हा हेतू सर्वोच्च न्यायालयाने मे 1999 च्या निकालात विचारात घेतला आणि त्याच निकालात चौघांची फाशी कायम ठेवली. (ती पुढे जन्मठेपेत बदलली, तो वेगळा विषय आहे.) हत्येची पार्श्वभूमी म्हणून शांतिसेनेचा उल्लेख केला की कोणी लिट्टेचा समर्थक ठरत नाही. सभेत कोणी ‘कारणे सांगणारा तो समर्थक’ असे म्हणाला, तर हे उदाहरण शांतपणे पुढे ठेवावे. शिवाय लिट्टे ही धर्माच्या नव्हे, तर तमिळ राष्ट्रवादाच्या नावावर लढणारी संघटना होती, त्यामुळे आत्मघात हा केवळ धर्माचा परिणाम असतो, हा समजही तिथे टिकत नाही.

उलट दिशेची घसरणही तितकीच रोखली पाहिजे. कारण सांगता सांगता ‘त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता’ या वाक्यापर्यंत जो पोहोचतो, तो खरोखरच समर्थनाच्या हद्दीत शिरलेला असतो. मार्ग होता. 15 फेब्रुवारी 2003 रोजी लंडनमध्ये इराक युद्धाविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले, त्यांत मुस्लिमही मोठ्या संख्येने होते, आणि ते सगळे घोषणा देऊन घरी गेले.

या मोर्चाकडे तुलनेची कसोटी म्हणूनही पाहावे. जे कारण लाखोंना लागू पडते आणि ज्याचा परिणाम चौघांत दिसतो, ते एकटे पुरेसे नसते. हा नियम धोरणाला जितका लागू, तितकाच धर्मालाही लागू आहे, कारण जगातल्या शंभर कोटींहून अधिक मुस्लिमांपुढे तोच धर्मग्रंथ आहे. फ्रान्सचे उदाहरण देताना विशेष काळजी घ्यावी. फ्रान्सने 2003 मध्ये इराक युद्धाला विरोध केला होता, तरीही 13 नोव्हेंबर 2015 रोजी पॅरिसमध्ये 130 जण मारले गेले. मग धोरणाचा संबंध काय, असे विचारले जाते. परंतु फ्रेंच विमाने सप्टेंबर 2014 पासून इराकमध्ये आणि सप्टेंबर 2015 पासून सीरियात ‘इस्लामिक स्टेट’वर बाँब टाकत होती. अर्धी तारीखवार माहिती पूर्ण अज्ञानापेक्षा जास्त दिशाभूल करते.

अभ्यासकांची नावे घ्यायची तर त्यांच्या मर्यादांसकट घ्यावीत. अमेरिकेतील रॉबर्ट पेप यांनी आत्मघाती हल्ल्यांची मोठी यादी तपासून परकीय सैन्याचा ताबा हे त्यांमागचे मुख्य कारण असल्याचे मांडले. त्यांच्यावरचा वजनदार आक्षेप असा की जिथे हल्ले झाले तेवढेच पाहिल्याने, ताबा असूनही हल्ले न झालेली ठिकाणे हिशेबात येत नाहीत. फ्रान्समध्ये जिल केपेल सलफी, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या इस्लामकडे परतण्याचा कडवा आग्रह धरणाऱ्या, विचारांच्या प्रसारावर बोट ठेवतात, तर ऑलिव्हिए रॉय म्हणतात की बंडखोरी आधी येते आणि ती धर्माचा पोशाख नंतर चढवते. मला रॉय यांचे म्हणणे ‘याच माणसाने का’ या प्रश्नासाठी अधिक पटते आणि ‘मारणे योग्य कसे वाटले’ यासाठी केपेल यांचे.

मुंबईतील 26/11 या चर्चेत येणारच. तिथे मात्र दोन तटांची ही चौकटच तोकडी पडते, कारण कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांना हल्ला चालू असताना फोनवरून सूचना दिल्या जात होत्या. अशा ठिकाणी संघटना आणि तिला मिळणारा आश्रय यांपासूनच सुरुवात करावी.

हल्ला ताजा असेल तर पहिले काही दिवस कारणांबद्दल बोलणे टाळावे. 11 मार्च 2004 च्या माद्रिद स्फोटांनंतर स्पेनच्या सरकारने बास्क फुटीरतावादी ‘एटा’ संघटनेला दोषी ठरवले; हल्ला जिहादी गटाचा असल्याचे उघड होत गेले आणि तीन दिवसांनी झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेत 77 जण मारले गेले, तेव्हाही पहिल्या काही तासांत अनेक भाष्यकारांनी जिहाद्यांकडे बोट दाखवले. मारेकरी मुस्लिमद्वेष्टा नॉर्वेजियन निघाला. लंडनबाबत वाचायला बसायचे तर मे 2006 चा गृहखात्याचा अहवाल आधी घ्यावा, कारण तो घटनाक्रम देतो. मग ब्रिटनच्या संसदीय गुप्तचर समितीचा सप्टेंबर 2003 चा अहवाल वाचावा. इराकवर हल्ला केल्यास अल कायदाचा धोका वाढेल असा इशारा सरकारला युद्धापूर्वीच, फेब्रुवारी 2003 मध्ये, मिळाला होता, हे त्यातून उघड झाले. मॅनिंगहॅम-बुलर यांची साक्ष त्यानंतर वाचावी, आणि ब्लेअर यांचे जुलै 2005 चे भाषण सर्वांत शेवटी.