चिकनला चोळायचा कोरडा मसाला घरी कसा करावा

विकतच्या ड्राय रबच्या, म्हणजे अशा कोरड्या मसाल्याच्या, पाकिटामागची घटकांची यादी वाचून पाहा. अशा यादीत सहसा ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच पाकिटांवर मीठ आणि साखर अगदी वरच दिसतात. मसाला सढळ हाताने लावला तर चिकन खारट होतं, आणि मीठ बेताचं ठेवायला गेलं तर मसाला कमी पडतो. घरी मसाला करताना ही अडचण मुळातूनच सुटते, कारण मीठ आणि मसाला वेगळे ठेवता येतात. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हाच: बरणीतल्या मसाल्यात मीठ घालायचं नाही.

त्याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मीठ चिकनच्या ओलाव्यात विरघळतं आणि हळूहळू आत उतरतं. आत गेल्यावर ते मांसातली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे शिजताना मांस कमी आवळतं आणि रस धरून ठेवतं. मिरची, जिरे, मिरी यांचं तसं नाही. त्यांचे स्वाद देणारे बरेचसे घटक पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, आणि रात्रभर लावून ठेवलं तरी ते वरच्या पातळ थराच्या पलीकडे फारसे जात नाहीत. थोडक्यात, मीठ किती लागेल हे चिकनच्या वजनावर ठरतं आणि मसाला किती लागेल हे त्याच्या बाहेरच्या भागावर. एक किलोची अख्खी कोंबडी आणि एक किलो विंग्ज (कोंबडीचे पंख) यांना मीठ जवळजवळ सारखंच लागतं, पण विंग्जना मसाला कितीतरी जास्त लागतो, कारण मसाला लागायला जागाच जास्त असते. हे दोन्ही हिशेब एका मिश्रणात बसवता येत नाहीत.

साहित्य

खालच्या प्रमाणात साधारण पाच किलो चिकनपुरता मसाला होतो. मोठा चमचा 15 मिलीचा आणि छोटा 5 मिलीचा, दोन्ही सपाट भरून.

पाप्रिका, किंवा रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य अशी कोणतीही मिरची पावडर: 4 मोठे चमचे
अख्खे धणे: 2 मोठे चमचे
अख्खे जिरे: 1 मोठा चमचा
अख्खी काळी मिरी: 1 मोठा चमचा
मोहरी: 1 छोटा चमचा
लसूण पावडर: 1 मोठा चमचा
कांदा पावडर: 1 मोठा चमचा
सुकवलेला थाइम किंवा ओरेगॅनो: 2 छोटे चमचे
सुंठ पावडर: 1 छोटा चमचा
तिखट लाल मिरची पावडर: 1 छोटा चमचा, किंवा झेपेल तेवढी

यात पाप्रिका रंग आणि हलकी गोडी देते, धणे-जिऱ्याने मसाल्याला अंग येतं, मिरी आणि मोहरीने झणका. लसूण आणि कांदा पावडर टाळू नका. शिजलेल्या चिकनला जी चमचमीत, भरीव चव येते तिच्यात या दोघांचा वाटा मोठा असतो. ताजा लसूण इथे चालत नाही. त्याच्या ओलाव्याने कोरडा मसाला टिकत नाही, आणि आचेवर त्याचे तुकडे चिकन शिजण्याआधीच काळे पडतात.

साखर मी यादीत मुद्दाम घातलेली नाही. तिच्याबद्दल पुढे.

भाजणं आणि दळणं

धणे, जिरे, मिरी आणि मोहरी एवढंच भाजायचं. जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवा, आधी धणे आणि मिरी घाला, मिनिटभराने जिरे आणि मोहरी. सतत हलवत राहा. घमघमाट सुटला आणि मोहरी तडतडायला लागली की लगेच ताटात काढा, कढईतच राहू देऊ नका, कारण तापलेलं बूड गॅस बंद केल्यावरही मसाला भाजतच राहतं. एकूण दोन-तीन मिनिटांचं काम आहे. रंग फार गडद होईपर्यंत थांबू नका, कारण हाच मसाला पुढे चिकनवर पुन्हा आच खाणार आहे. इथे खमंग भाजलेला तिथे करपतो. पाप्रिका आणि इतर पावडरी अजिबात भाजायच्या नाहीत. त्या काही सेकंदांत जळून कडू होतात.

भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना दळलं की वाफेने भांड्याला ओल धरते आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात.

आता दळताना एक गोष्ट सांभाळा: अगदी पीठ करू नका. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा आणि बारीक रव्याएवढी भरड ठेवा. खलबत्ता असेल तर उत्तमच. भरड मसाल्याचे कण चिकनवर कुरकुरीत थर धरतात आणि खाताना मिरी-धण्यांची चव दाताखाली वेगवेगळी लागते. फार बारीक दळलेला मसाला ओलावा शोषून लगद्यासारखा बसतो आणि लवकर करपतो. मात्र एखादी मिरी अख्खी राहिलेली नाही ना, हे पाहून घ्या.

सुकवलेला थाइम तळहातावर चुरडून घाला. लसूण आणि कांदा पावडरीत गाठी असतील तर चाळून घ्या. मग सगळं एका मोठ्या वाडग्यात काट्याने एकजीव करा.

मसाला नुसता चाखून त्याच्या चवीचा अंदाज येत नाही. कोरडी पावडर जिभेवर कडवट आणि रखरखीतच लागते. त्यापेक्षा चिमूटभर मसाला आणि कणभर मीठ अर्ध्या चमचा कोमट तेलात कालवा, दोन मिनिटं थांबा आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडीला लावून खा. मिरची चढ वाटते का, जिरे पुढे येतात का, हे लगेच कळतं, आणि अजून दुरुस्तीला वाव असतो.

बरणी

कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि उजेड व उष्णतेपासून लांब ठेवा. शेगडीच्या वरचं कपाट हाताशी असतं, पण मसाल्याला ती सगळ्यात वाईट जागा. दळलेल्या मसाल्यातली सुगंधी तेलं उडून जातात, म्हणून तीन-चार महिन्यांत संपेल एवढाच करा. त्यानंतर तो खराब होईलच असं नाही, पण फिका पडलेला असतो. झाकण उघडल्यावर वास आपणहून नाकापर्यंत आला नाही तर नवीन करायची वेळ झाली असं समजा. बरणी गरम पातेल्यावर धरून मसाला कधीही शिवरू नका, वाफ आत जाते.

आधी मीठ

चिकन नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर पसरतात. कागदी टॉवेलने सगळीकडून नीट टिपून घ्या आणि तो कागद लगेच कचऱ्यात टाका.

एक किलो चिकनला 10 ते 12 ग्रॅम मीठ. बारीक मिठाचे साधारण दोन सपाट छोटे चमचे होतात. हाडांसकट असेल तर 10 ग्रॅम पुरे. जाडं मीठ वापरत असाल तर चमच्यावर विसंबू नका, वजन करा, कारण जाड मिठाच्या चमच्यात पोकळी जास्त आणि मीठ कमी असतं.

मीठ सगळीकडे सारखं भुरभुरवा. पंधरा-वीस मिनिटांत चिकनला पाणी सुटलेलं दिसेल. ते फेकू नका, त्यातच मीठ विरघळलेलं असतं आणि थोड्या वेळाने त्यातलं बरंचसं पुन्हा आत शोषलं जातं. म्हणून एक तर मीठ लावल्या लावल्या शिजवा, नाहीतर किमान पाऊण तास थांबा. मधल्या वेळात चिकन वरून ओलं असतं आणि तेव्हा ते आचेवर भाजलं जात नाही, वाफवलं जातं. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आणि छान तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते.

बोनलेस तुकड्यांना एक-दोन तास पुरतात, तंगड्यांना चार तासांपासून रात्रभर, अख्ख्या कोंबडीला एक पूर्ण दिवस. पातळ बोनलेस तुकडे दोन-दोन दिवस मिठात ठेवू नका, ते चामट होतात. हा सगळा वेळ चिकन फ्रिजमध्येच हवं, 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात. कातडीसकट असेल तर ताटलीत जाळीवर, न झाकता, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. कातडी कोरडी पडते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. न झाकलेल्या चिकनचा इतर पदार्थांना स्पर्श होणार नाही एवढं मात्र पाहा.

मग मसाला

एक किलोला दीड ते दोन मोठे चमचे मसाला धरा, विंग्जसारख्या लहान तुकड्यांना तीन. लागेल तेवढा आधीच छोट्या वाटीत काढून घ्या आणि बरणीचं झाकण लावून ती बाजूला ठेवा. कच्च्या चिकनचा हात लागलेला मसाला बरणीत परत जाता कामा नये. उरला तर टाकून द्या.

चिकनला एक-दोन छोटे चमचे तेल चोळा. तेलाने मसाला चिकटतो, त्याचे तेलात विरघळणारे स्वाद मोकळे होतात आणि तो लगेच करपत नाही. मग एका हाताने मसाला भुरभुरवा आणि दुसऱ्या हाताने दाबून बसवा. जोरजोरात घासलं तर मसाला एका जागी गोळा होतो आणि बाकी चिकन उघडं राहतं. तंगडी किंवा छातीची कातडी बोटांनी अलगद सोडवून थोडा मसाला आतही लावा, कातडीखालचा मसाला जळत नाही. मसाला शिजवण्याच्या अर्धा तास आधी लावला तरी चालतो. मुरायला वेळ लागतो तो मिठाला.

आच आणि साखर

ओव्हनमध्ये 200 ते 220 अंश सेल्सिअसला तंगड्या साधारण 35 ते 45 मिनिटांत होतात. पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भरवसा ठेवा. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसल्यावर 74 अंश दिसायला हवेत. छातीचं मांस तिथेच उतरवा. तंगडी मात्र 80-85 अंशांपर्यंत जाऊ द्या, कारण तिच्यातले चिवट तंतू तेव्हा कुठे मऊ होतात. उतरवल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच कापा.

तव्यावर करत असाल तर आच मध्यम ठेवा आणि तुकडा सारखा उलटू नका, मसाल्याचा थर सुटतो. निखाऱ्यांवर करताना निखारे एका बाजूला सारा. चिकन आधी निखारे नसलेल्या बाजूला झाकून शिजवा आणि शेवटी दोन मिनिटं थेट आचेवर रंग आणा.

आता साखरेबद्दल. 110 ते 130 अंशांवर तासन् तास शिजवायचं असेल तर एक किलोच्या मसाल्यात एक मोठा चमचा ब्राउन शुगर किंवा गुळाची पावडर खुशाल मिसळा, सुरेख चकाकी येते. कडक आचेवर मात्र साखर चिकन आतून शिजायच्या आधीच काळी पडते आणि तो कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. तिथे गोडी हवीच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत थोडा मध ब्रशने लावा. बरणीत साखर घालू नका, विशेषतः ब्राउन शुगर, तिच्या ओलाव्याने सगळा मसाला ढेकूळ होतो.

विंग्जची कातडी खूप कुरकुरीत हवी असेल तर एक किलोला एक छोटा चमचा बेकिंग पावडर मीठ लावतानाच मिसळा आणि मीठ थोडं कमी करा. तिच्यामुळे कातडीची आम्लता घटते आणि रंग लवकर चढतो. बेकिंग पावडरऐवजी तेवढाच सोडा घातला तर साबणासारखी चव येते.

मूळ मसाला एकदा जमला की तो पालटायला सोपा आहे. धुरकट चव हवी असेल तर निम्मी पाप्रिका धुरावर वाळवलेली घ्या. मिरची नकोच असेल तर ती आणि पाप्रिका दोन्ही वगळा, मिरी आणि धणे दुप्पट करा आणि वाळवलेल्या लिंबाच्या सालीची पूड एक मोठा चमचा घाला. हा फिका दिसणारा मसाला छातीच्या मांसाला मला लाल मसाल्यापेक्षाही जास्त आवडतो. दालचिनी किंवा लवंग वापरणार असाल तर पाव छोट्या चमच्याच्या पुढे जाऊ नका, त्यांच्यापुढे बाकी कशाची चव उरत नाही.